नेल्बा तेचेराचं हजार मीटर कुंपण

नेल्बा तेचेराच्या हातांना बोटं साडेनऊ. डाव्या करंगळीचं वरचं पेर ती चौदा वर्षांची असताना तारेनं नेलं. ताणलेली तार तुटून परत येते ना, तेव्हा तिच्यापुढे साप परवडला. साप निदान विचार करतो. त्या दिवशी बापानं, फेर्मिननं, जखमेवर कोळिष्टक चेपलं, वर चिंधी बांधली आणि म्हणाला, "झालीस आता कुंपणवाली. ऊठ, पक्कड उचल." रडायला वेळ दिला नाही. तिला तो नकोही होता.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत लास तोरकासास एस्तान्सियाच्या, म्हणजे त्या अफाट गुरांच्या इस्टेटीच्या, ईशान्येकडच्या ठाण्याचं जे जे उभं आहे ते नेल्बाच्या हातून गेलेलं आहे. ठाणं म्हणजे काय, तर दोन खोल्यांचं घर, पवनचक्की, हौद, एक गोठण, निलगिरीची बारा झाडं आणि आजूबाजूला चौदाशे हेक्टर गवत. मालकाचा बंगला बारा किलोमीटरवर. तिथं पाहुणे येतात, तिथं फोटो निघतात. शहरातल्या लोकांना वाटतं की एस्तान्सिया सांभाळणं म्हणजे टोपी तिरकी करून घोड्यावर बसणं आणि मावळतीकडे बघणं. मावळतीकडे बघायला कोणाच्या बापाला वेळ आहे! पंपातला चामड्याचा वायसर झिजला की चक्की नुसती गरगरते आणि पाणी थेंबभर येत नाही. मग चाक बांधा, वर चढा, चाळीस मीटर दांडा उपसून काढा, नवा वायसर चरबीत भिजवून बसवा, परत दांडा सोडा. हौदातलं शेवाळ काढा. गोचिडांसाठी जनावरं औषधाच्या टाक्यातून पोहवून काढा. काटेरी झुडपं फुलायच्या आत कुदळीनं उडवा. वणव्यासाठी पट्टा नांगरून ठेवा. फाटकाची बिजागरी. गोठणीच्या फळ्या. आणि या सगळ्यावर वर्षाचे बाराही महिने तार. चौदा किलोमीटर, सात तारांचं कुंपण. शहामृगाच्या जातीचा तो नंदू पक्षी डोळे मिटल्यासारखा पळत येऊन त्यात घुसतो, खवल्यामांजरागत दिसणारा तातू खालून भोक पाडतो, आणि दोन पायांची जनावरं शिकारीला येतात ती पक्कड घेऊनच येतात.

हे सगळं नेल्बा करायची. पगाराच्या यादीत नाव मात्र फेर्मिन तेचेराचं.

अकरा वर्षांपूर्वी घोडं अंगावर पडून फेर्मिनचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून तो दारातल्या खुर्चीत बसून असायचा. आधी हुकूम सोडायचा, मग नुसता बघायचा. मुकादमाला माहीत होतं, मालकाला माहीत होतं, वरून जाणाऱ्या टिटव्यांना माहीत होतं की काम पोरगी करतेय. पण कोणी कागद बदलला नाही. गुपचूप चाललंय ना, चालू दे. बाईचं काम म्हणजे हवा. असते तोवर कोणी बघत नाही.

नोव्हेंबरात फेर्मिन गेला. नवव्या दिवशीची प्रार्थना आटोपली, शेजारच्या बाया घोडागाडीत बसल्या, आणि मुकादम वॉशिंग्टन पिरिझ मागे थांबला. चाळीस वर्षं याच एस्तान्सियावर घालवलेला माणूस. मिशी पांढरी, पाय धनुष्यासारखे वाकलेले. टोपी हातात फिरवत म्हणाला,

"नेल्बा, पोरी, एक बोलायचं होतं."

"टोपी फिरवताय म्हणजे वाईटच असणार. बोला."

"मालक म्हणतात जानेवारी संपेपर्यंत राहा. घाई नाही. आमचा पुतण्या यामांदू मार्चमध्ये लग्न करतोय. त्याला ठाणं द्यायचं ठरलंय."

नेल्बाची आई ओतिलिया चुलीशी बसून माते ओतत होती. कडू पाल्याचं ते पाणी तिनं भोपळ्यात भरलं, मुकादमासमोर धरलं आणि तो हात पुढे करणार तेवढ्यात मागे घेऊन स्वतःच नळीनं ओढून संपवलं. सगळ्या दक्षिणेत यापेक्षा मोठा अपमान करता येत नाही. मुकादमाचा हात हवेतच राहिला.

"घर कामाबरोबर मिळतं," नेल्बा म्हणाली. "काम कोण करतंय?"

"तसं नाही गं. ठाणं बाईमाणसाला देत नाहीत. कधी दिलेलं नाही."

"अकरा वर्षं दिलंय. फक्त सांगितलं नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आपल्या तांबड्या घोडीवर खोगीर चढवलं आणि बारा किलोमीटर दौडत बंगल्यावर गेली. मालक गास्तॉन आरियागा व्हरांड्यात न्याहारी करत होता. माणूस तसा दुष्ट नव्हे. दुष्ट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्याला सगळं मजेशीर लागायचं. शर्यत, पैज, फोटो. नेल्बा पायऱ्यांखालीच उभी राहिली आणि एका दमात बोलली. मालकानं पावाला मुरंबा लावता लावता ऐकून घेतलं. मग त्याचे डोळे चमकले.

"असं करू," तो म्हणाला. "पाणतळ्याच्या कुरणाचं रस्त्याकडचं कुंपण पार कुजलंय. दोन हजार मीटर नवं घालायचंय. हजार तू घाल, हजार यामांदू घालेल. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येऊन बघतो. ज्याचं कुंपण चांगलं, त्याचं ठाणं."

नेल्बाच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा किलोमीटर कुंपण दररोज डोळ्यांसमोर उभं, आणि वर हजार मीटरची परीक्षा! यामांदूच्या जन्माच्या दाखल्यावर पुरुष लिहिलंय एवढ्यावर त्याला ठाणं मिळतं, आणि हिनं मात्र पेपर सोडवायचा. पण जिभेवर आलेलं तिनं गिळलं. कशासाठी? आईसाठी. ओतिलियाचे गुडघे गेलेले, आणि गावात त्यांचं म्हणायला एक वीटही नव्हती.

"बघायला याल तेव्हा टोपी घालून या मालक," ती एवढंच म्हणाली. "तिकडे सावली नाही."

कुंपणाचं काम सुरू झालं. दोघांची टोकं मधल्या एका जाड खांबाशी भिडणार होती. यामांदू सव्वीस वर्षांचा, बैलासारखा खांद्यात रुंद, हसरा, बढाईखोर. पोरगा वाईट नव्हता, हे नेल्बाला सगळ्यात जास्त खटकायचं. तो खड्डा खणताना गाणी म्हणायचा आणि तीनशे पावलांवरून ओरडायचा,

"बाई! सामान बांधायला घ्या! माझ्या बायकोला पडद्यांची मापं हवीत!"

"तिला म्हणावं खिडक्या जरा लहान आहेत," नेल्बा उलटून ओरडायची, "तुझं डोकं बाहेर निघणार नाही!"

पण काम तो चांगलं करायचा. खांब ओळंब्यात, माती ठोकून घट्ट. नेल्बानं मनातल्या मनात कबूलही केलं. दोघांच्या कामात फरक होता तो एकच. नेल्बा तार ताणायची पहाटे, सूर्य उगवायच्या आत, गवतावर दव असताना. टोकाच्या खांबावरच्या लोखंडी चकरीत तार गुंडाळायची, पान्यानं एकेक दात पुढे सरकवायची, मधेच थांबून तळहात तारेवर ठेवायची. मग अजून अर्धा दात. बस्स. फेर्मिन म्हणायचा, तारेला हिवाळा ठाऊक असतो. उन्हात ती लांबते, थंडीत आखडते. ऐन उन्हाळ्यात, जानेवारीच्या दुपारी तू तिला कचकचून ताणलीस तर थंडी पडली की ती जाणार कुठे? एकतर खांब उपटेल नाहीतर स्वतः तुटेल.

ही गोष्ट वॉशिंग्टन पिरिझला माहीत नव्हती असं नाही. त्यानंच तर फेर्मिनबरोबर तरुणपणी अर्ध्या एस्तान्सियाची कुंपणं घातलेली. पण आपल्याकडच्या माणसांची एक खोड आहे. मालक बघायला येणार असला की तार गायली पाहिजे. चाबकाची मूठ तारेवर आपटायची आणि ती गिटारीसारखी टण्णकन वाजली की मालक खूश, मुकादमाची छाती फुगलेली. कितीतरी चांगली कुंपणं या हौसेपायी वाया गेलीत, आणि नंतर सगळे म्हणतात, तारच हलकी निघाली.

शेवटच्या शनिवारी तिसरा दिवस होता उत्तरेच्या वाऱ्याचा. भट्टीतून यावा तसा वारा. निलगिरीची पानं सुरळी झालेली, कुत्रं हौदाच्या ओल्या भिंतीला पाठ लावून पडलेलं. सावलीतलं तापमान एकोणचाळीस. सकाळी अकराला नेल्बानं पाहिलं तर मुकादम पुतण्याच्या कुंपणाशी उभा होता आणि यामांदू पाना घेऊन एकामागून एक चकऱ्या आवळत चालला होता.

ती घोडीवरून तिथं गेली. "काका, काय करताय? आत्ता? या उन्हात?"

"ढिली पडलीय. ताणतोय."

"उन्हानं पडलीय. रात्री आपोआप येईल."

"मालक रात्री येणार आहेत का?" मुकादम नजर न मिळवता म्हणाला. "तू तुझं बघ."

"यामांदू, तुला तरी कळतंय का?"

यामांदूनं घाम पुसला. "काका सांगतात तसं करतो, बाई. त्यांनी माझ्या वयाएवढी वर्षं कुंपणं घातलीत." आणि आणखी एक दात पुढे सरकवला. कर्र.

मालक दोनला आला. नवी कोरी पांढरी डबल केबिन गाडी. बरोबर कोणी नाही, पण गाडीत मांस, कोळसा, बर्फात घातलेल्या बाटल्या. निकाल लागला की ठाण्यावरच्या झाडांखाली भाजू, म्हणाला. कुरणात तीनशे चाळीस गाभण कालवडी पाणतळ्याभोवती जिभा काढून उभ्या होत्या. कुंपणापलीकडे डांबरी रस्ता, आणि त्यावरून दर दहा मिनिटांनी लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला एखादा ट्रक जमीन हादरवत जायचा.

मालकानं आधी यामांदूच्या बाजूनं सुरुवात केली. चाबकाची मूठ वरच्या तारेवर आपटली.

टण्णण्ण!

आवाज पार टोकाच्या खांबापर्यंत गेला आणि परत आला. मालक लहान मुलासारखा हसला. दुसरी तार, तिसरी तार. सगळ्या वाजल्या. मग तो चालत जाड खांब ओलांडून नेल्बाच्या बाजूला आला. मूठ आपटली.

ढप्.

पुन्हा आपटली. ढप्. तार जराशी झुलली.

"ही काय गं?" मुकादम मोठ्यानं म्हणाला. "कुंपण आहे की चड्ड्या वाळत घालायची दोरी?"

मालक हसला. यामांदूही हसला, पण मधेच थांबला. नेल्बाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती पुढे आली.

"मालक, आज सूर ऐकू नका. तीन दिवस उत्तरेचा वारा आहे. तो फिरू द्या, मग ठरवा."

"वारा फिरेपर्यंत मी इथं मुक्काम करू?"

"बापानं शिकवलंय मला. दुपारची तार खोटं बोलते."

"नेल्बा," मालक मवाळपणे म्हणाला, आणि त्या मवाळपणानंच तिचं डोकं जास्त फिरलं, "मनाला लावून घेऊ नकोस. मेहनत केलीस. पण मला कान आहेत. ठाणं यामांदूचं. तुम्हाला दोघींना गावात काहीतरी बघून देतो."

बस्स. सव्वीस वर्षं, आणि निकाल कानानं लागला. नेल्बा वळली, घोडीकडे चालत गेली. जिथं रडता येत नाही तिथं माणूस खोगिराचा पट्टा आवळतो. तिनं तो दोनदा आवळला.

आणि तेवढ्यात घोडीनं मान वर केली. कान मागे, नैऋत्येकडे.

वारा थांबला होता.

एकदम. कुणी दार लावावं तसा. धुळीचा एक कणही हलेना. तळ्याकाठच्या कालवडींनी एकाच वेळी जिभा आत घेतल्या. नेल्बानं नैऋत्येकडे पाहिलं तर आकाशाच्या तळाशी काळीनिळी वळी, गुंडाळलेल्या गादीसारखी लांबच लांब, गडगडत पुढे येत होती. उन्हाळा मोडणारं दक्षिणेचं थंड वादळ.

"पाम्पेरो!" ती ओरडली. "मालक, पाम्पेरो येतोय!"

मालक बाटली उघडत होता. "बरं झालं, गारवा येईल."

गारवा आला तो थोबाडीत मारल्यासारखा. कोळशाची पाटी उडाली, मालकाची टोपी रस्त्यापलीकडे गेली. श्वासागणिक थंडी वाढत होती; आत्ता घामानं भिजलेला सदरा पाठीला बर्फासारखा चिकटला. मग गारा. कैरीएवढ्या नसतील, पण लिंबाएवढ्या नक्की. तीनशे चाळीस कालवडींनी वाऱ्याला पाठ केली आणि वाऱ्याला पाठ करणं म्हणजे ईशान्येला तोंड करणं, आणि ईशान्येला होतं कुंपण, आणि कुंपणापलीकडे रस्ता.

नेल्बा घोडीवर होती. कधी चढली तिलाही कळलं नाही. कळप आधी तिच्याच हजार मीटरवर येऊन आदळला. सातही तारा बाहेरच्या बाजूला फुगल्या, जाळं फुगावं तशा, खांब कण्हले... आणि तारा परत आत आल्या. पहिल्या रांगेतल्या कालवडी मागे ढकलल्या गेल्या. पुन्हा रेटा, पुन्हा तेच. धरलं! धरलं रे! ती एकटीच गारांत ओरडत होती. कळप कुंपणाला घासत घासत बाजूला सरकू लागला, जाड खांबाच्या दिशेनं, यामांदूच्या बाजूला.

धाड!

बंदूक उडाल्यासारखा आवाज. वरची तार गेली. तुटलेलं टोक शीळ घालत गवत कापत गेलं. धाड! दुसरी. एकही कालवड अजून तिथं पोचली नव्हती, नुसत्या थंडीनंच त्या जात होत्या.

यामांदू आणि मुकादम तिथंच उभे होते, दोघांचे चेहरे पिठासारखे.

"चकऱ्या सोड!" नेल्बा बेंबीच्या देठापासून ओरडली. "यामांदू! चकऱ्या सोड, ढिली कर सगळी!"

"तुटलेलं कुंपण आणखी ढिलं करू?" मुकादम ओरडला. "वेडी झालीस का!"

"ढिली तार धरते काका, ताठ तार तुटते! तुम्हाला माहीत आहे! तुम्हाला माहीत आहे!"

त्या एका क्षणी यामांदू काय विचार करत होता हे त्यालाच माहीत. मार्चमधलं लग्न, पडद्यांची मापं, दहा मिनिटांपूर्वी जिंकलेलं घर. त्यानं काकाकडे पाहिलं. मुकादम तुटलेल्या तारांकडे बघत होता. पोरानं पाना उचलला आणि पळाला. टोकाच्या खांबाशी गुडघ्यावर बसून त्यानं पहिल्या चकरीचा अटकाव उडवला. पाना हातातून निसटून त्याच्या मनगटावर बसला. तो ओरडला, पण दुसरी चकरी सोडली, तिसरी सोडली, रक्त गळत पुढच्या खांबाकडे पळाला. हे नेल्बानं पाहिलं, आणि पुढे आयुष्यभर ती त्याच्याबद्दल वाईट बोलली नाही. टोमणे सोडून.

पण मधल्या एका टप्प्यावर आधीच पाच तारा गेल्या होत्या. तिथं मोटार जाईल एवढं भोक पडलं होतं आणि पहिल्या कालवडी त्यातून रस्त्यावर उतरत होत्या. एक, दोन, पाच. दुरून ओंडक्यांच्या ट्रकचा भोंगा, लांबलचक.

मालक गाडीत शिरून काचा लावून बसला होता. नेल्बानं घोडी थेट त्याच्या दाराशी नेली आणि चाबकाची मूठ काचेवर आपटली.

"गाडी घ्या! भोकात उभी करा! आडवी!"

"काय?"

"आडवी! भोकात! आत्ता!"

"नेल्बा, ही नवी..."

"तीनशे चाळीस गाभण जनावरं आहेत, मालक! चालवा!"

गेल्या पस्तीस वर्षांत गास्तॉन आरियागावर कोणी असं ओरडलं नव्हतं. बहुधा त्यामुळेच त्यानं ऐकलं. गाडी गवतावरून घसरत, नाचत गेली आणि भोकात आडवी अडकली. लगेच कालवडी तिच्यावर आदळल्या. दारं चेपली, आरसा उडाला, मालक आतून "आयाया, आयाया" करत दुसऱ्या बाजूला सरकला. पण भोक बुजलं. नेल्बा घोडी कळपाच्या तोंडाशी घेऊन ओरडत, चाबूक हवेत फिरवत त्यांना वळवायला लागली, आणि तेवढ्यात तिच्या उजव्या बाजूला दुसरा आवाज आला. जुना, खरबरीत, सगळ्या एस्तान्सियाला ओळखीचा. "होप! होप! होपाऽऽ!" मुकादम घोड्यावर होता. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, गारांनी कपाळ फुटलेलं, आणि घोडा असा वळवत होता की तरुणांनी बघत राहावं. दोघांनी मिळून कळपाचं तोंड तळ्याच्या बांधाकडे फिरवलं. तिथं बांधाच्या आडोशाला वारा कमी होता. कालवडी एकमेकींच्या पाठीवर माना टाकून थबकल्या.

रस्त्यावर नऊ गेल्या होत्या. ट्रकवाला देवमाणूस निघाला. त्यानं वेळेत गाडी आडवी घालून दिवे लावले होते आणि भर गारांत खाली उतरून हात पसरून उभा होता, अंगात बनियन, पायात सपाता. नऊच्या नऊ परत आल्या. एक लंगडत होती, एवढंच.

तासाभरात वादळ पुढे सरकलं. उरला नुसता पाऊस, बारीक आणि गार. पाऊस म्हणजे तळलेल्या पोळ्या, हा आपल्याकडचा नियम; ओतिलियानं वारा थांबला तेव्हाच पीठ भिजवायला घेतलं होतं. आता ती कढईत चरबीवर मधे भोक पाडलेल्या पोळ्या सोडत होती आणि स्वयंपाकघरात पाच ओली माणसं वाफाळत बसली होती, ट्रकवाला धरून. यामांदूच्या मनगटाला फडकं. मालकाच्या अंगावर फेर्मिनचा जुना स्वेटर, बाह्या आखूड.

पोळ्यांचं पहिलं ताट संपलं. मग मालक खाकरला.

"नेल्बा. ठाणं तुझं."

आईचा झारा कढईवर थांबला. नेल्बानं पोळीचा तुकडा तोडला, चावला, गिळला.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "यादीत नाव कोणाचं?"

"म्हणजे तुझंच की."

"तेचेरा कुटुंब नाही. फेर्मिनची मुलगी नाही. नेल्बा तेचेरा, ठाण्याची कामगार, पुरुषाला मिळतो तो दर्जा. सरकारी विम्याच्या यादीत, सोमवारी. तुम्ही लिहिणार, मी वाचणार, मग सही. आणि मी असेपर्यंत आई या घरात, हेही कागदावर."

"सोमवारी मला मोंतेविदेओला जायचं..."

"कशानं जाणार?" ओतिलिया म्हणाली. "गाडी तर कुंपणात आहे."

ट्रकवाल्याला ठसका लागला. यामांदू खाली मान घालून हसायला लागला, मग मालकही. हसता हसता त्यानं हात वर केले. "सोमवारी. सकाळी."

मुकादम हसला नाही. तो कोपऱ्यात कपाळाला फडकं लावून बसला होता. ओतिलियानं माते भरलं, उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी खोली ओलांडली आणि भोपळा त्याच्यासमोर धरला. तो बघत राहिला. तिनं तो मागे घेतला नाही. त्यानं घेतला.

"मी तुला पाहिलं होतं," तो अखेर नेल्बाला म्हणाला. "अकरा वर्षं. बोललो असतो तर..."

"तर मला जानेवारीत दोनशे खड्डे खणावे लागले नसते," नेल्बा म्हणाली. "खा आता."

रविवारी पहाटे अकरा अंश थंडी होती. नेल्बा तारेचं नवं भेंडोळं खांद्यावर टाकून तुटल्या टप्प्याशी पोचली, तर तिथं आधीच कोणीतरी होतं. मुकादमानं मालकाची गाडी बैलजोडीनं ओढून बाहेर काढली होती, मोडलेल्या तारा गोळा करून बाजूला रचल्या होत्या, आणि स्वतः टोकाच्या खांबाशी पाना घेऊन उभा होता. यामांदू डाव्या हातानं चूल पेटवत होता. उजवा सुजून भोपळा झालेला.

नेल्बानं तार खांबांतून ओवली आणि टोक म्हाताऱ्याच्या चकरीत दिलं. मग उलट दिशेनं पन्नास पावलं गेली, तळहात तारेवर ठेवला.

"ओढा, काका."

कर्र. एक दात. कर्र.

"अजून?"

तिनं डोळे मिटले. तार तळहाताखाली थरथरली, स्थिरावली.

"अर्धा."

कर्र.

"बस्स! सोडा हात. आणि वाजवून बघायचं नाही." ती पुढच्या खांबाकडे निघालीही होती. "यामांदू, माते मागून कर, आधी ती दुसरी तार इकडे आण. ऊन चढायच्या आत पाचही व्हायला हव्यात."